सहा शब्दांची सुरुवात : चुंबकीय फितीवरून लघुसंगणक चालविण्याच्या पद्धतीचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुतेक वेळा यंत्रांच्या वंशावळीच्या स्वरूपात लिहिला जातो. कोणते यंत्र कोणत्या वर्षी आले, त्याचा वेग किती, किंमत किती आणि त्याने कोणाला मागे टाकले, हा तपशील अशा लेखनात विपुल सापडतो. परंतु ते यंत्र सुरू कसे केले जात असे, हा साधा प्रश्न त्यात सहसा विचारला जात नाही. आज कळ दाबली की संगणक आपोआप जागा होतो, म्हणून त्यात विचारण्यासारखे काही आहे असेही वाटत नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत लघुसंगणकावर काम करणाऱ्या व्यक्तीपुढे मात्र तोच पहिला प्रश्न असे. स्मृती रिकामी असलेले यंत्र फितीवरील आज्ञावली वाचू शकत नाही. फीत वाचण्यासाठी आज्ञावली लागते, आणि ती आज्ञावली तर फितीवरच असते. हा पेच माणसाच्या बोटांनी सोडवावा लागे. तो कसा सोडविला गेला, आणि ती रीत ज्ञात असणे आज जुन्या फितींच्या जतनासाठी का आवश्यक ठरले आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजेच डेक, या अमेरिकन कंपनीच्या पीडीपी-८ आणि पीडीपी-११ या यंत्रांच्या आधारे केला आहे.

स्विचांच्या पाटीवरून

पीडीपी-८ हा संगणक १९६५ मध्ये बाजारात आला. त्याची किंमत १८,००० डॉलर होती. मोठ्या संगणकांच्या तुलनेत ती इतकी कमी होती की विद्यापीठातील एखादा विभाग किंवा एखादी प्रयोगशाळा स्वतःसाठी संगणक घेऊ शकत होती. यंत्राचा शब्द १२ बिटांचा आणि मूळ स्मृती ४,०९६ शब्दांची होती. भारतातही अशा लहान यंत्रांची गरज याच काळात जाणवू लागली होती. मुंबईतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झालेला टीडीसी-१२ हा १२ बिटांचा संगणक १९६९ मध्ये कार्यान्वित झाला आणि पुढे हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने त्याचे उत्पादन केले.

पीडीपी-८ च्या दर्शनी पाटीवर स्विचांची एक रांग असे. बारा स्विच म्हणजे बारा बिट. स्विच वर असेल तर एक, खाली असेल तर शून्य. तीन-तीन स्विचांचा गट करून वाचले की प्रत्येक गटातून शून्य ते सात यांपैकी एक अंक मिळतो. म्हणून या यंत्रांवर काम करणारी माणसे सर्व आकडे अष्टमान पद्धतीत लिहीत आणि बोलत. प्रथम स्विचांवर पत्ता मांडून तो यंत्रात भरायचा, मग पहिली आज्ञा मांडून ती स्मृतीत जमा करण्याची कळ दाबायची. पत्ता आपोआप एकाने पुढे सरके, आणि मग दुसरी आज्ञा मांडायची. कागदी फीत वाचण्यासाठी लागणारी ‘रिम’ नावाची प्राथमिक आज्ञावली अशा सोळा आज्ञांची होती. ती अष्टमान ७७५६ या पत्त्यापासून, म्हणजे स्मृतीच्या अगदी शेवटी, ठेवली जाई. सोळा आज्ञांचे मिळून १९२ बिट होतात. त्यांतील एक जरी चुकला, तरी यंत्र काही न सांगता थांबे किंवा भलतेच काही करू लागे.

‘रिम’चे काम एवढेच की तिच्याहून थोडी मोठी, ‘बिन’ नावाची आज्ञावली कागदी फितीवरून आत घ्यायची. मग ‘बिन’ने खरी आज्ञावली आत घ्यायची. स्वतःच्या बुटाचा पट्टा धरून स्वतःला उचलणे या कल्पनेवरून या क्रियेला बूटस्ट्रॅप हे नाव पडले, आणि आजच्या ‘बूट करणे’ या शब्दप्रयोगात ते शिल्लक आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या काळची स्मृती चुंबकीय कड्यांची, म्हणजे कोअर मेमरी, होती. वीज गेली तरी तिच्यातील मजकूर पुसला जात नसे. त्यामुळे एकदा भरलेली ‘रिम’ दुसऱ्या दिवशीही जागेवर सापडण्याची शक्यता असे. स्मृतीचा शेवटचा भाग आपल्या आज्ञावलीने विस्कटू नये, असा संकेत कार्यक्रम लिहिणारे पाळीत. प्रयोगशाळेतील सर्वांनी मिळून पाळायची ही एक शिस्तच होती. कोणी ती मोडली, तर पुढच्या माणसाला पुन्हा स्विच हलवीत बसावे लागे.

कागदी फितीची मर्यादा आणि डेकटेप

कागदी फीत स्वस्त होती, पण फार संथ. एएसआर-३३ या टेलिटाइपचा वाचक सेकंदाला दहा अक्षरे वाची. ‘बिन’ पद्धतीत एका शब्दासाठी फितीवर छिद्रांच्या दोन ओळी लागत. म्हणजे ४,०९६ शब्दांची स्मृती पूर्ण भरायची तर आठ हजारांहून अधिक ओळी वाचाव्या लागत आणि त्याला सुमारे पावणेचौदा मिनिटे जात. संपादक आत घ्या, मजकूर लिहा, तो नव्या फितीवर छिद्रित करून घ्या, मग भाषांतरक आत घ्या, असे चक्र एका लहानशा दुरुस्तीसाठी फिरवावे लागे. दिवसभरात किती चुका दुरुस्त करता येतील हे बुद्धीपेक्षा फितीच्या वेगावर ठरत होते, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

या अडचणीवरचा उपाय लिंक या संगणकातून आला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेत वेस्ली क्लार्क आणि चार्ल्स मोल्नार यांनी १९६२ मध्ये जीवशास्त्राच्या संशोधकांसाठी हे यंत्र घडविले. त्याच्यासोबतची लहान चुंबकीय फीत पुढे डेकने सुधारून ‘डेकटेप’ या नावाने दिली. डेकटेपचे रीळ तळहातावर मावेल एवढे होते. त्यावरील फीत पाऊण इंच रुंद आणि २६० फूट लांब असे. तिच्यावर दहा मार्ग होते, परंतु प्रत्यक्षात ते पाचच म्हणायचे. कारण प्रत्येक मार्गाची दुसरी प्रत फितीच्या निराळ्या भागात लिहिली जाई. एका जागी धूळ बसली किंवा लेप खरवडला गेला, तरी जोडीचा मार्ग वाचता येई.

डेकटेपचे खरे वैशिष्ट्य मात्र निराळे होते. फितीवर आधीच कालखुणा आणि ब्लॉकांचे क्रमांक लिहून ठेवलेले असत. त्यामुळे हवा तो ब्लॉक शोधून, फक्त तेवढाच नव्याने लिहिता येई. साध्या चुंबकीय फितीवर मधला एखादा भाग बदलणे धोक्याचे असते, कारण नवी नोंद थोडी लांबली तर पुढची नोंद नष्ट होते. डेकटेप फीत असूनही चकतीसारखी वागत होती. पीडीपी-८ वर एका फितीवर १,४७४ ब्लॉक आणि प्रत्येक ब्लॉकात १२९ शब्द मावत. फितीचा वेग सेकंदाला सुमारे ९७ इंच होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्यास साधारण अर्धा मिनिट लागे. आणि ४,०९६ शब्द, एकदा जागा सापडली की, एका सेकंदाच्या आत वाचून होत. पावणेचौदा मिनिटांवरून अर्ध्या मिनिटावर, असा हा बदल होता.

त्यामुळेच संपूर्ण कार्यप्रणाली फितीवर ठेवून यंत्र चालविणे शक्य झाले. पीडीपी-८ साठीची ओएस/८ ही प्रणाली डेकटेपवरून चालत असे. स्मृतीच्या शेवटच्या पानावर तिचा लहानसा भाग कायम राही, आणि ७६०० या पत्त्यापासून यंत्र सुरू केले की प्रणाली पुन्हा आज्ञा घेण्यास सज्ज होई. बाकीचा सर्व भाग लागेल तेव्हा फितीवरून आणला जाई. एखादी आज्ञा दिली की रीळ पुढे धावे, थांबे, उलटे फिरे, पुन्हा पुढे येई. प्रणाली काय करीत आहे हे रिळांच्या हालचालीवरून डोळ्यांना दिसत असे. पुढच्या पिढ्यांतील कोणत्याही यंत्राने आपले काम इतके उघड दाखविले नाही.

अर्धा इंची फीत आणि युनिक्सचे वितरण

डेकटेप डेकच्याच यंत्रांवर चाले. निरनिराळ्या ठिकाणांच्या यंत्रांमध्ये माहितीची मोठी देवाणघेवाण करायची तर अर्धा इंची, नऊ मार्गांची फीत हेच सर्वमान्य साधन होते. आठ मार्ग माहितीचे आणि नववा पडताळ्याचा, ही रचना आयबीएमच्या सिस्टिम/३६० बरोबर १९६४ मध्ये रूढ झाली. या फितीवर ब्लॉक एकामागून एक असतात आणि प्रत्येक दोन ब्लॉकांच्या मध्ये सुमारे सहा दशांश इंच कोरी जागा असते, कारण फीत थांबायला आणि पुन्हा वेग घ्यायला तेवढे अंतर हवे असते. इंचाला ८०० बाइट या घनतेने ५१२ बाइटांचा एक ब्लॉक सुमारे ०.६४ इंचात मावतो. म्हणजे लहान ब्लॉकांनी लिहिलेल्या फितीचा जवळजवळ अर्धा भाग कोराच असतो.

बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीची सहावी आवृत्ती १९७५ मध्ये विद्यापीठांकडे गेली ती प्रामुख्याने अशाच फितीवरून. मूळ कंपनी एटी अँड टी हिला १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे संगणकाच्या व्यवसायात उतरता येत नव्हते. त्यामुळे प्रणाली मिळे, पण तिच्यासोबत विक्रेत्याकडून अपेक्षित असलेले कोणतेही साहाय्य मिळत नसे. विद्यापीठाच्या हाती येई ते एक रीळ आणि काही छापील कागद. यंत्र सुरू करून देण्यास कोणी येणार नव्हते. पुढील सर्व काही त्या कागदांवर अवलंबून होते.

पीडीपी-११ हे १६ बिटांचे यंत्र १९७० मध्ये आले होते. प्राथमिक आज्ञावली कायमची साठविण्यासाठी त्याला डायोडांच्या जाळीची ३२ शब्दांची पाटीही मिळत असे. परंतु डेकची ती नेहमीची आज्ञावली फितीवरील शून्य क्रमांकाचा ब्लॉक सोडून पुढचा वाचीत असे, आणि युनिक्सची सुरुवात तर शून्य क्रमांकाच्याच ब्लॉकात होती. परिणामी सोय उपलब्ध असूनही स्विच हलविण्याला पर्याय नव्हता. टीयू-१० या फीतयंत्रासाठी त्या कागदांत दिलेली आज्ञावली अवघ्या सहा शब्दांची आहे :

०१२७०० १७२५२६ ०१००४० ०१२७४० ०६०००३ ०००७७७

हे सहा शब्द १००००० या अष्टमान पत्त्यापासून भरायचे. फितीवरचा पहिला ब्लॉक स्मृतीच्या आरंभी, शून्य पत्त्यावर, उतरणार असल्यामुळे त्याला आणणारी आज्ञावली त्यापासून दूर असणे आवश्यक होते. तिचा अर्थ थोडा उलगडून पाहण्यासारखा आहे. फीतयंत्राच्या नियंत्रकाचे तीन कप्पे स्मृतीतील पत्त्यांप्रमाणेच ओळखले जात : १७२५२२ हा आज्ञेचा, १७२५२४ हा वाचायच्या बाइटांच्या संख्येचा, आणि १७२५२६ हा मजकूर कोठे ठेवायचा त्या पत्त्याचा. पहिले दोन शब्द १७२५२६ हा आकडा यंत्राच्या एका नोंदवहीत ठेवतात. तिसरा शब्द एक घर मागे सरकून तोच आकडा बाइटांच्या संख्येच्या कप्प्यात लिहितो. ही संख्या ऋण स्वरूपात द्यायची असते, आणि १७२५२६ हा आकडा ऋण म्हणून वाचला तर तो उणे २,७३० होतो. ब्लॉक केवळ ५१२ बाइटांचा असल्याने ही मर्यादा पुरून उरते. पत्ता म्हणून लिहिलेला आकडाच संख्या म्हणून वापरल्यामुळे एक शब्द वाचला, आणि हाताने भरायचे सोळा स्विच कमी झाले. चौथा आणि पाचवा शब्द आणखी एक घर मागे जाऊन ०६०००३ ही आज्ञा देतात : ८०० च्या घनतेने वाच, आणि सुरू कर. मजकुराचा पत्ता मुद्दाम दिलेलाच नाही, कारण यंत्र पूर्ववत् केल्यावर तो कप्पा शून्यच असतो. सहावा शब्द स्वतःवरच उडी मारतो. फीत वाचून होईपर्यंत यंत्राने जागच्या जागी फिरत राहावे म्हणून.

या काटकसरीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आज्ञेच्या कप्प्यात ०६०००३ ऐवजी ०६०००७ गेले, म्हणजे एकच स्विच चुकून वर राहिला, तर त्या आज्ञेचा अर्थ ‘वाच’ असा न राहता ‘फितीवर समाप्तीची खूण लिही’ असा होतो. फीत आरंभाच्या खुणेवर उभी असताना हे घडले, तर नेमका पहिला ब्लॉक नष्ट होणार. हा अनर्थ टाळणारी वस्तू अगदी साधी होती. रिळाच्या मागील खोबणीत प्लॅस्टिकचे एक कडे बसविलेले असेल तरच फीतयंत्र लिहू शके. बाहेरून आलेले रीळ चढविण्यापूर्वी ते कडे काढून ठेवणे हा त्या काळच्या संगणककक्षातील पहिला धडा होता. अनुभवी चालक तो का देत असत, हे वरील एका अंकावरून कळते.

स्विच भरून यंत्र सुरू केले की फीत किंचित हाले आणि दिवे एका ठरावीक नक्षीत स्थिर होत. मग यंत्र थांबवून शून्य पत्त्यापासून पुन्हा सुरू करायचे. फीत मागे गुंडाळली जाई आणि टेलिटाइपवर ‘=’ हे चिन्ह उमटे. स्विचांची भाषा येथे संपे आणि अक्षरांची सुरू होई. टीयू-१० फीतयंत्र आणि आरके-०५ चकती असतील तर येथे ‘टीएमआरके’ हे नाव टंकायचे, आणि मग चकतीवरील जागा, फितीवरील जागा आणि ब्लॉकांची संख्या सांगायची : आधी ०, १००, १ आणि नंतर १, १०१, ३९९९. अशा रीतीने चार हजार ब्लॉकांची मूळ प्रणाली चकतीवर उतरे. प्रणालीचा स्रोत फितीवर ४,१०० व्या ब्लॉकापासून आणि दस्तऐवज ८,१०० व्या ब्लॉकापासून होते. कोऱ्या जागा धरून हिशेब केला तर हा सारा ऐवज सुमारे साडेबाराशे फूट फितीवर पसरलेला होता. चकतीवरून यंत्र सुरू झाले की ‘@’ हे चिन्ह येई. तेथे प्रणालीचे नाव टंकले की युनिक्स चालू. त्या वेळी स्विचांवर १७३०३० हा आकडा मांडलेला असेल तर प्रणाली एकट्या चालकापुरतीच उघडे.

रीळ वाचते, रीत हरवते

फितींचे आयुष्य मर्यादित आहे. चुंबकीय लेप धरून ठेवणारा चिकट पदार्थ हवेतील ओलावा शोषतो, काही फिती चिकट होतात आणि वाचताना लेप शीर्षावर निघून येतो. अशा फिती सुमारे पन्नास अंश सेल्सिअसला काही तास मंद तापवून वाचण्याजोग्या करतात. पुष्कळदा ती फीत वाचण्याची एकच संधी असते.

या कामाची काही उदाहरणे उद्बोधक आहेत. सी भाषेच्या अगदी आरंभीच्या भाषांतरकाचा स्रोत रिची यांच्याजवळच्या दोन डेकटेपांवर होता. पॉल व्हिक्सी आणि कीथ बॉस्टिक यांनी एक डेकटेप यंत्र मिळवून व्हॅक्स संगणकाला जोडले म्हणून १९७२-७३ चा तो स्रोत आज अभ्यासकांना उपलब्ध आहे. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीचे पुनरुज्जीवन २००८ मध्ये झाले, तेव्हा गाभ्याचा स्रोत १९७२ च्या एका छापील प्रतीतून अक्षरशः पुन्हा टंकून घ्यावा लागला, आणि त्यासोबतची उपयुक्त आज्ञावली एका जुन्या डेकटेपवर सापडली. कागदावर होते ते फितीवर नव्हते आणि फितीवर होते ते कागदावर नव्हते.

यंत्रांविषयीही फार आशावादी राहता येत नाही. सिॲटल येथील लिव्हिंग कॉम्प्युटर्स या संग्रहालयात जुनी यंत्रे प्रत्यक्ष चालू ठेवली जात. ते २०२० मध्ये बंद झाले आणि २०२४ मध्ये त्याच्या संग्रहातील वस्तूंचा लिलाव झाला. प्रत्यक्ष यंत्राची जागा बऱ्याच अंशी बॉब सप्निक यांच्या ‘सिमएच’ या अनुकरण करणाऱ्या आज्ञावलीने घेतली आहे. तिच्यासाठी फितीची जी संगणकीय प्रत करतात, तीत प्रत्येक ब्लॉकाची लांबी ब्लॉकाच्या आधी आणि नंतर, अशी दोनदा लिहिलेली असते. आधी एकदा लिहून भागले नसते का? नाही, कारण मूळ फीत उलटीही फिरत होती, आणि अनुकरणातील फितीलाही मागे जाता आले पाहिजे. याच आज्ञावलीत वरील सहा शब्द भरले, तर ‘=’ हे चिन्ह आजही उमटते.

२०२५ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संगणकविभागात अडगळीची आवराआवर चालू असताना नऊ मार्गांची एक फीत मिळाली. ती युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीची होती. १९७३ ची ही आवृत्ती विशेष महत्त्वाची, कारण प्रणालीचा गाभा सी भाषेत लिहिला गेला तो याच टप्प्यावर. तोपर्यंत तिची माहितीपुस्तिका आणि गाभ्याच्या जवळपासच्या काळातील काही स्रोत एवढेच अभ्यासकांपाशी होते. संपूर्ण आवृत्ती हरवली असे धरले जात होते. फीत कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात नेण्यात आली आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती वाचली गेली. अशा वाचनात फीतयंत्राच्या निर्णयावर विसंबत नाहीत. शीर्षावरून येणारे मूळ विद्युत्-संकेत जसेच्या तसे नोंदवून घेतात आणि त्यांतील शून्य-एक कोणते ते नंतर आज्ञावलीकडून ठरवितात. त्यामुळे शंका आली तर फीत पुन्हा न चालविता तोच संकेत पुन्हा तपासता येतो. सुमारे पन्नास वर्षांनंतर ती प्रणाली अनुकरणयंत्रावर सुरू झाली.

त्या रिळावरच्या चिठ्ठीवर हाताने लिहिलेला मजकूर थोडकाच होता : बेल प्रयोगशाळेकडून आलेले मूळ युनिक्स, चौथी आवृत्ती, मांडणीसाठी माहितीपुस्तिका पाहावी.